झडपेची गळती आणि आक्काचा फॉरवर्ड

आमच्या खानापूरच्या घरी कॅलेंडरवर दर 21 दिवसांनी एक लाल गोल असतो, पुतणीच्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनाचा. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापानं तिच्या हृदयाची मायट्रल झडप गळते. या खेपेला तो दिवस चुकला, कारण आक्काच्या व्हॉट्सॲपवर आलं : 'अर्जुनसालीचा काढा 40 दिवस घ्या, गळती बंद. ताप गेला की इंजेक्शन थांबवा, त्यानं हृदय बंद पडतं. रक्त पातळ करायला लसूण पुरे.'

गळती बंद! झडप म्हणजे काय नळाचा वायसर आहे? ऱ्हुमॅटिक तापात घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूशी लढता लढता शरीर स्वतःच्याच झडपेवर उठतं. पाती जाड होतात, आखडतात, नीट मिटत नाहीत. आखडलेलं पातं काढ्यानं सैल होत नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनीही होत नाही, हे कबूल. लॅसिक्सनं अंगातलं पाणी उतरतं, दम कमी लागतो, रात्री आडवं झोपता येतं, झडप तशीच. गळती फारच वाढली तर ऑपरेशन.

'मग इंजेक्शन तरी कशाला?' इति आक्का. अगं, पुन्हा तसाच घसा सुजला तर पुन्हा ताप, आणि झडपेवर नवा घाव. तो अडवायला. युगांडात 818 मुलांवर झालेला अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलाय. झडपेत नुकताच दोष दिसू लागलेली मुलं, दोन वर्षं. इंजेक्शन घेणाऱ्यांत 0.8 टक्के मुलांचा आजार वाढला, न घेणाऱ्यांत 8.2 टक्के. आमच्या पोरीचा दोष तर त्याच्या कितीतरी पुढचा. तिला हे किमान चाळिशीपर्यंत घ्यायचंय. ताप कधीच गेला म्हणून सुटका नाही.

हृदय बंद पडतं, यात मात्र चिमूटभर तथ्य आहे. झडप फारच खराब आणि दम लागत असलेल्या रुग्णांना इंजेक्शनानंतर धोका असू शकतो. अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2022 मध्ये अशांसाठी पेनिसिलिनच्या गोळ्या सुचवल्या. गोळ्या म्हटलंय. काढा नव्हे. आणि तेही डॉक्टर ठरवणार.

लसूण फोडणीत घाला. ठोके बिघडून गुठळीची भीती असेल तर वॉरफरिनसारखी गोळी लागते, तिचा डोस आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी चाचणी, बघून ठरतो. लसणाच्या पाकळ्या कशावर मोजणार?

काल मीच पोरीला नेऊन टोचून आणलं. जाड सुई, घट्ट औषध; बसस्टँडपर्यंत लंगडत आली. आक्कानं सुटका केली होती आणि काकानं परत नेलं, म्हणून राग माझ्यावर.