‘मोटरला ड्रायव्हर लागत नाही’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

रविवारी सकाळी साताऱ्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, बोर्डावरच्या चिपला हात लावला की चटका बसतोय, आणि नऊ नंबरची पिन काहीच करत नाहीये." पोरगं आठवीत आहे. विज्ञान प्रदर्शनाला चार दिवस राहिले होते आणि अडथळा दिसला की वळणारी गाडी बनवायला घेतली होती. व्हिडिओ कॉलवर पाहिलं तर खेळण्यातल्या गाडीसाठीची पिवळी बीओ मोटर थेट आर्डुइनो उनोच्या, म्हणजे प्रोग्रॅम टाकता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या, पिनला जोडलेली. मध्ये ड्रायव्हर (पिनच्या इशाऱ्यावर मोटरला बॅटरीतून करंट देणारी चिप) नाही, ट्रान्झिस्टर (करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही, काही नाही. "हे तुला कोणी सांगितलं रे?" म्हटलं, तर त्याने एक मेसेज पाठवला. पालकांच्या ग्रुपवरून आलेला, वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का.

मेसेज थोडक्यात असा: छोट्या मोटरला ड्रायव्हर लागत नाही, तो दुकानदारांचा धंदा आहे. पिन ४० मिलिअँपिअरच्या वर करंट देतच नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. जोर कमी पडला तर पाच-सहा पिना एकत्र जोडा. डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) फक्त मोठ्या मोटरला. आणि चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी लावली की गाडी पळते. सोबत टेबलावर मोटर फिरत असल्याचा व्हिडिओ.

यातलं सगळ्यात घातक वाक्य ते ४० मिलिअँपिअरचं, कारण आकडा खरा आहे आणि अर्थ साफ खोटा. उनोवरची चिप एटीमेगा ३२८पी. तिची डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, फुकट मिळते. त्यात ‘अ‍ॅब्सोल्यूट मॅक्झिमम रेटिंग्ज’ असा, म्हणजे कमाल मर्यादांचा, एक भाग आहे. तिथे एका पिनसाठी ४० मिलिअँपिअर लिहिलंय, आणि तिथेच बजावलंय की यापलीकडचा ताण पडला तर चिपचं कायमचं नुकसान होऊ शकतं. म्हणजे ही मर्यादा चिप पाळत नाही, ती आपण पाळायची असते. पुलाच्या तोंडाशी ‘दहा टनांपेक्षा जड वाहनांना बंदी’ अशी पाटी असते. पाटी ट्रक अडवत नाही. पिनच्या आतही फ्यूज नाही की करंट रोखून धरणारी सोय नाही.

आता हिशेब करू. बीओ मोटरच्या दोन टोकांना मी मीटर लावला, तर ७ ओहमच्या आसपास रोध दिसतो. पिनचा स्वतःचा रोध साधारण २५ ओहम धरा. डेटाशीटमधले आकडे धरले तर तो वाईटात वाईट ४०-५० पर्यंत जातो. मोटर सुरू होते त्या क्षणी, किंवा चाक अडकलं तर, ५ व्होल्ट भागिले ३२ ओहम, म्हणजे दीडशेच्या वर मिलिअँपिअर. मर्यादेच्या जवळजवळ चौपट. ढोबळ हिशेब आहे, पण पिनच्या आतल्या डोळ्याला न दिसणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये अर्ध्या वॉटहून जास्त उष्णता तयार होते हे त्यातून कळतं. भाच्याला बसलेला चटका तो हाच. व्हिडिओत मोटर फिरते, खरंय. चाक हवेत आहे, जोर लागत नाही, आणि व्हिडिओ वीस सेकंदांचा आहे. तीच गाडी जमिनीवर ठेवून दहा मिनिटं चालवून दाखवा.

पाच-सहा पिना एकत्र जोडण्याचा सल्ला तर वाचवत नाही. मुळात सहा गुणिले ४० म्हणजे २४०, आणि त्याच डेटाशीटमध्ये सगळ्या चिपच्या पुरवठ्याच्या पिनसाठी मर्यादा २०० ची आहे. म्हणजे सल्ला स्वतःच्याच गणितात नापास होतो. पण खरा धोका वेगळाच आहे. सहा पिना एका वायरीत बांधल्या आणि प्रोग्रॅममध्ये एकाखाली एक सहा ‘डिजिटलराइट’ (पिन चालू-बंद करायची आज्ञा) लिहिले, तर त्या एकदम चालू होत नाहीत. एकेक ओळ व्हायला काही मायक्रोसेकंद लागतात. पहिली पिन ‘हाय’ (५ व्होल्ट) झाली तेव्हा बाकीच्या पाच ‘लो’ आहेत, म्हणजे ग्राउंडला, शून्य व्होल्टला, टेकलेल्या. पहिली पिन मोटरला नाही, त्या पाच पिनांना करंट देतेय. २५ ओहम वरून, खाली पाच पिना समांतर म्हणजे ५ ओहम. एकूण ३० ओहमवर ५ व्होल्ट, म्हणजे १६० च्या पुढे, तेही एकट्या पिनमधून. मोटर दर वेळी चालू-बंद होताना हे घडतं. आणि प्रोग्रॅममध्ये एखादी ओळ चुकून राहिली, तर मायक्रोसेकंदांचा प्रश्नच उरत नाही, शॉर्ट कायमचा. आठवीतल्या मुलाकडून एक ओळ राहू शकते की नाही? माझ्याकडूनही राहते. असा सल्ला मुलांना देणाऱ्याने एकदा तरी स्वतःच्या बोर्डावर करून बघायला हवा होता.

डायोडचं एका वाक्यात सांगतो: मोटर छोटी असली तरी आत तारेची गुंडाळीच आहे, ट्रान्झिस्टर बंद झाला की तिच्यातला करंट वाट शोधतो, आणि वाट नसेल तर व्होल्टेज उसळून ट्रान्झिस्टर जातो. एकाच दिशेने फिरणाऱ्या मोटरच्या दोन टोकांवर ४००७ डायोड, चांदीच्या पट्टीचं टोक प्लसकडे. रुपया-दोन रुपयांची वस्तू.

नऊ व्होल्टच्या बॅटरीचंही तेच. ती मल्टिमीटरसारख्या थोडका करंट घेणाऱ्या वस्तूंसाठी आहे. मोटर सुरू झाली की तिचं व्होल्टेज कोसळतं, बोर्ड रीसेट होतो, प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू, परत मोटर, परत रीसेट. गाडी जागच्या जागी उचक्या देते आणि मुलं तासन्‌तास प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. मोटरसाठी पेन्सिल सेल चार, वेगळे. फक्त त्यांचं मायनस आणि बोर्डाचं ग्राउंड एकत्र जोडायला विसरू नका.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. ‘ड्रायव्हर लावला की गाडी मंद होते’ असंही त्या मेसेजात होतं आणि ते अर्धं खरं आहे. सगळीकडे मिळणारं ते लाल एल२९८एन मॉड्यूल जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरचं आहे. एक अँपिअरला दोन-अडीच व्होल्ट स्वतःच खातं. चार सेलच्या ६ व्होल्टमधून एवढे गेले तर मोटर रडतखडतच फिरणार. पण यावर उपाय ड्रायव्हर काढून टाकणं नाही, टीबी६६१२ सारखा मॉस्फेटचा (कमी व्होल्टेज खाणाऱ्या नव्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरचा) ड्रायव्हर घेणं हा आहे. तसंच छोट्या सर्व्होची (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या मोटरची) सिग्नलची वायर थेट पिनला जोडतात हेही खरं, कारण तिचा ड्रायव्हर तिच्या पोटातच असतो. वीज घेणारी लाल वायर तरीही वेगळ्या पुरवठ्यालाच.

राहिला दुकानदारांच्या लुटीचा आरोप. पुण्यात तापकीर गल्लीत सोमवारी एल२९३डी ही ड्रायव्हर चिप घेतली, पन्नास रुपये. दोन मोटरी, दोन्ही दिशांना, प्रत्येकी ६०० मिलिअँपिअर, डायोड आतच. गाडी एकाच दिशेने न्यायची असेल तर टिप १२२ ट्रान्झिस्टर, एक किलोओहमचा रेझिस्टर आणि तो ४००७, वीस-तीस रुपयांत काम होतं. फक्त बीसी ५४७ लावू नका, त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअरची. हे पैसे वाचवायला निघालेल्या मुलाचा साडेचारशेचा बोर्ड गेला, आणि वर त्याला वाटत होतं की चूक त्याचीच आहे. मला राग त्याचा आहे.

बोर्ड पुरता गेला नव्हता म्हणा. त्याच्या उनोवरची चिप सॉकेटमध्ये बसवलेली, म्हणजे निघणारी होती. बूटलोडर (यूएसबीवरून प्रोग्रॅम घेणारं छोटं सॉफ्टवेअर) टाकलेली नवी चिप आणि एल२९३डी स्वारगेटहून ओळखीच्या माणसाबरोबर साताऱ्याच्या एसटीने पाठवली. मंगळवारी रात्री कॉलवर त्याने बारीक स्क्रूड्रायव्हरने दोन्ही बाजूंनी हळूहळू उचकटून जुनी चिप काढली, खाचेची बाजू बघून नवी बसवली. मग मी त्याला मीटर मोटरच्या वायरीत घालायला लावला. मोकळी फिरताना १६० दिसले. "आता चाक बोटांनी धर." धरलं. आकडा ४७० वर गेला. तो जरा वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "मामा, थांब, पेन आणतो." प्रदर्शनाच्या तक्त्यावर त्याने ते दोन्ही आकडे लिहिले आणि शेजारी लाल शाईने ४०.