म्हणे, डब्यातून कधी काढलंच नाही!

"डब्यातून एकदाही बाहेर काढलेलं नाही." जुनं पितळी मॉडेल रेल्वे इंजिन विकणाऱ्याच्या तोंडून हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. अहो, तेच तर दुखणं आहे! १९७०-८० च्या दशकांत जपान-कोरियाहून अमेरिकेत आलेली ही १:८७ मापाची कितीतरी इंजिनं फोममध्ये गुंडाळलेली असायची. तो फोम वर्षानुवर्षं डब्यात राहिला की कुजतो, चिकट होतो आणि थेट इंजिनाच्या लॅकरवर, म्हणजे वरच्या संरक्षक लेपावर बसतो. गेल्या महिन्यात इथे न्यू जर्सीत हजार डॉलर मोजून 'बिग बॉय' या अजस्र अमेरिकन वाफेच्या इंजिनाचं मॉडेल आणलं. झाकण उघडलं तर बॉयलरभर तपकिरी लगदा, नखाएवढ्या शिडीच्या पायऱ्यांत भुगा. ही तिसरी वेळ! कारागिराने एकेक नळी, एकेक झडप हाताने डाख देऊन बसवलेली, आणि तुम्हाला वर्षातून एकदा डबा उघडून बघवत नाही? फोम काढून साधा टिश्यू पेपर गुंडाळवत नाही? फोटोही पाठवतात ते झाकणाचेच. चाकांचे, गिअरबॉक्सचे मागितले की उत्तर ठरलेलं, "हात लावला तर किंमत उतरते." अहो, उतरू दे ना! आत इंजिन सडतंय तुमचं!