‘वरून एक हात मारा म्हटलं, तर सगळा रंगच काढला’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. वरून फक्त एक हात मारायला सांगितलं असताना आम्ही बॉनेट आणि मडगार्ड पत्र्यापर्यंत खरवडले, त्यात वेळ आणि खर्च वाढला. गिअरबॉक्स खडबडीतच ठेवला. आणि स्टिकर न लावता ट्रॅक्टर परत दिला, असं तुम्ही लिहिलं आहे. जुना ट्रॅक्टर रंगवायचं मनात असलेले इतर लोकही हे वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रॅक्टर आमच्याकडे आला तो दुसरीकडे नुकताच रंगवून. बॉनेटवर, त्यातही डिझेल टाकीच्या झाकणाभोवती, बारीक गोल खळगे पडले होते. रंगकामात याला फिश आय म्हणतात. पत्र्यावर तेल, डिझेल किंवा सिलिकॉनचं पॉलिश राहिलं की तेवढ्या जागेवर रंग धरत नाही, कडेला सरकतो. टाकीत डिझेल ओतताना वर्षानुवर्षं सांडत आलेलं असतं, त्यामुळे जुन्या ट्रॅक्टरवर ही जागा ठरलेलीच. शिवाय आधी डीग्रीझरने (तेल-ग्रीस काढणाऱ्या द्रवाने) पुसून न घेता थेट घासायचा पेपर मारला, तर तेच तेल पेपरच्या ओरखड्यांत जाऊन बसतं. तुमच्यासमोर बॉनेटच्या कोपऱ्यात आम्ही वरून रंग मारून पाहिला होता. खळगे त्याच जागी पुन्हा उमटले, ते तुम्हीही पाहिलंत. वाढीव खर्च सांगून, तुमचा होकार घेऊन मगच खरवडायला घेतलं.

मडगार्डचं दुखणं वेगळं होतं. तिथे सुरकुत्या होत्या. सिंथेटिक इनॅमल हाताला कोरडा लागला तरी आतून बरेच दिवस कच्चा असतो. त्यावर कडक थिनरचा रंग बसला की खालचा थर फुगतो आणि पापुद्र्यासारखा उचलला जातो. अशा थरावर कितीही महागडा रंग मारा, तो खालच्या थरासकट सुटतो. म्हणून मडगार्डचाही सगळा रंग काढला, इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला घट्ट धरणारा खालचा थर) मारला आणि मग नवा रंग चढवला. त्यात हवा दमट होती. पत्रा दवबिंदूपेक्षा (हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्या तापमानापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअस गरम नसेल तर त्यावर न दिसणारी ओल धरते, म्हणून काही दिवस रंगाची गन हातात घेतलीच नाही. उशिराचं मोठं कारण हेच.

जिथे खरवडायची गरज नव्हती तिथे आम्ही खरवडलेलं नाही, हे मात्र रिव्ह्यूत आलेलं नाही. रिमवर ओघळ होते आणि काही भाग संत्र्याच्या सालीसारखा दिसत होता. पण तो रंग हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) घातलेला, पूर्ण कडक झालेला आणि पुरेसा जाड होता. दोष वरच्या वरच होता. ठोकळ्यावर १००० नंबरचा पेपर धरून पाण्याने ओघळ सपाट केले, मग १५०० आणि २००० नंबरचा पेपर फिरवला, शेवटी चकाकी आणायला रबिंग कंपाउंडची पेस्ट. रिमना नवा रंग लावलाच नाही, आणि बिलातही तो नाही.

गिअरबॉक्सबद्दल मी ठाम आहे. ते ओतीव लोखंड आहे, वाळूच्या साच्यातून येतानाच त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो. पुट्टी भरून तो आरशासारखा करता येतो, नाही असं नाही. पण तो भाग तापतो, हादरतो, सांध्यांतून तेल पाझरतं. पुट्टीला तडे जातात, आत पाणी शिरतं आणि खालून गंज सुरू होतो. कामाच्या ट्रॅक्टरवर ते करायला मी तयार नाही. फोटोत छान दिसण्यापेक्षा रंग टिकणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

स्टिकर आमच्याकडे राखून ठेवले आहेत. नव्या रंगातून थिनरची वाफ बाहेर पडत असते. ती स्टिकरखाली अडकली की फुगे येतात. रंग पुरता पिकला की ट्रॅक्टर घेऊन या, लावून देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. तोपर्यंत मेण किंवा पॉलिश लावू नका आणि प्रेशर वॉशर मारू नका, साध्या पाण्याने धुवा. डिझेल सांडलं तर लगेच पुसा.

बॉनेटवर एक जरी खळगा पुन्हा दिसला तर उजेडात काढलेला फोटो पाठवा. तेवढा भाग नव्याने करून देऊ.