अल्डाब्राचा पक्षी मेलेल्यांतून उठलेला नाही

‘१,३६,००० वर्षांपूर्वी नामशेष झालेला पक्षी पुन्हा जिवंत! निसर्गाने तीच जात जशीच्या तशी दुसऱ्यांदा घडवली.’ असा मजकूर आणि सोबत तांबूस डोक्याच्या, पांढऱ्या गळ्याच्या पक्ष्याचा फोटो, हे २०१९ पासून फिरतंय. खाली हमखास एक ओळ असते: ‘निसर्ग स्वतःची काळजी घेतो, उगाच गळे काढू नका.’ फोटो खरा आहे. बाकीचं एकेक पाहू.

‘पुन्हा जिवंत’ हे तर सरळ चूक. हिंदी महासागरात सेशेल्सच्या ताब्यात अल्डाब्रा नावाचं प्रवाळबेट आहे, म्हणजे खरं तर लहान बेटांचं कडं. पाणकोंबडीच्या कुळातला पांढऱ्या गळ्याचा रेल हा पक्षी मादागास्करहून उडत तिथे पोचला आणि पिढ्यान्‌पिढ्या राहून न उडणारा झाला. सुमारे १,३६,००० वर्षांपूर्वी समुद्र चढला, अख्खं बेट पाण्याखाली गेलं आणि न उडणारे ते पक्षी संपले. कायमचे. पुढे पाणी ओसरल्यावर मादागास्करहून पुन्हा उडणारे रेल आले आणि त्यांचे वंशजही उडणं विसरले. आज तिथे फिरतात ते हे दुसरे. बुडालेल्यांचे ते वंशज नव्हेत, फार तर चुलत भावंडं. मूळ घराणं मादागास्करमध्ये शाबूत होतं म्हणून ही दुसरी फेरी झाली. तेच संपलं असतं तर अल्डाब्रावर आज हा पक्षी नसता.

या गैरसमजाचं सगळं खापर फॉरवर्ड करणाऱ्यांवर फोडणं बरोबर नाही. या पक्ष्यावरचं संशोधन जीवाश्मतज्ज्ञ ज्युलियन ह्यूम आणि डेव्हिड मार्टिल यांचं. त्यांनी शब्द वापरला पुनरावर्ती उत्क्रांतीचा, म्हणजे एकाच पूर्वजापासून वेगवेगळ्या वेळी तसाच बदल घडणं. पण बातमी बाहेर आली ती ‘मेलेल्यांतून परतलेला पक्षी’ याच सुरात. मग काय, शब्दाला पाय फुटले.

‘तीच जात जशीच्या तशी’ या दाव्यामागचा पुरावा मोजक्या हाडांचा आहे. बेट बुडण्याआधीच्या थरातलं पंखाचं हाड उडणं सुटल्याचं स्पष्ट दाखवतं. नंतरच्या, साधारण १,००,००० वर्षांपूर्वीच्या पायाच्या हाडात घोट्याचा सांधा उडणाऱ्या रेलपेक्षा दणकट झालेला दिसतो, म्हणजे भार पंखांवरून पायांवर सरकत होता. यावरून न उडण्याची वाट दोनदा चालली गेली इतकं म्हणता येतं, आणि तेवढंही थक्क करणारं आहे. ‘जशीच्या तशी’ हे त्या हाडांवर लिहिलेलं नाही.

आणि ‘निसर्गाने घडवली’ म्हणजे कोणी बसून ठरवलं असं नव्हे. रेल जमिनीवर घरटं करतो, पालापाचोळ्यात चोच घालून किडे टिपतो. खाली खाणं आहे आणि पाठलाग करणारं श्वापद नाही, अशा ठिकाणी उडण्याचे मोठे स्नायू पोसणं महागात पडतं. ज्यांचा तो खर्च कमी, त्यांची पिल्लं जास्त जगतात. या कुळात हे इतर बेटांवरही घडलेलं आहे. शत्रूच नसल्याने भीतीही नाही. अल्डाब्रावरचा रेल माणूस दिसला की पळण्याऐवजी जवळ येऊन न्याहाळतो.

नेमकं हेच त्याच्या जिवावर उठलं, आणि ‘निसर्ग काळजी घेतो’ हा दावा कोसळतो तो इथे. माणसाबरोबर मांजरं आली आणि अल्डाब्राच्याच काही बेटांवरून हा पक्षी नाहीसा झाला. पिकार्ड बेटावर तो आज आहे, कारण १९९९ मध्ये माणसांनी मलबार बेटावरून काही पक्षी पकडून तिथे नेऊन सोडले. (पिकार्ड आणि मलबार ही अल्डाब्रातल्याच बेटांची नावं.) त्याआधी १९६०च्या दशकात ब्रिटिशांनी अल्डाब्रावर लष्करी धावपट्टी बांधायचा घाट घातला होता. शास्त्रज्ञांनी विरोध केला आणि १९६७ मध्ये तो बेत बारगळला. अल्डाब्रा जागतिक वारसास्थळ झालं ते १९८२ मध्ये. यात गळे काढणाऱ्यांचाही वाटा आहे.

हजारो वर्षं थांबायची तयारी असेल तर उडणं विसरलेला रेल पुन्हा घडू शकतो, हे मान्य. पण शेजारच्याच, जेमतेम तीसेक किलोमीटरवरच्या अझम्प्शन बेटाकडे पाहा. तिथेही याच जातीचे रेल होते. माणसं आली, पक्ष्यांच्या विष्ठेचं खत खणून नेऊ लागली, आणि १९३७ पर्यंत तिथले रेल संपले. मादागास्करचे उडणारे नातलग अजून आहेत, मधला समुद्रही तोच आहे. अझम्प्शनवर मात्र त्यानंतर रेलने पुन्हा बस्तान बसवलेलं नाही. अल्डाब्राचा पक्षी तर तिथे जाऊच शकत नाही; त्याला ते तीस किलोमीटर उडता येत नाहीत.