सकाळी आठ वाजताचा अडाणा

दरवर्षी डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवासाठी मी अर्ध्या दिवसाची रजा काढतो, आणि रजेच्या अर्जावर खरे कारण लिहितो. हा माझा एकमेव गुन्हा. वास्तविक आमच्या शाळेत मी गणित शिकवतो. गाणे मला येत नाही, फक्त ऐकता येते. परंतु गेल्या वर्षीच्या क्रीडा दिनी बक्षीस समारंभ चालू असताना ध्वनिक्षेपकावर जे चित्रपटगीत वाजले, त्याचे शब्द संस्थेच्या विश्वस्तांना दुर्दैवाने समजले, आणि त्यानंतर भरलेल्या सभेत मुख्याध्यापिकाबाईंनी यंदा मैदानावर केवळ शास्त्रीय संगीत वाजेल असे जाहीर केले. "शास्त्रीय हवे, पण जोशपूर्ण हवे," एवढे सांगून त्यांनी खोलीभर नजर फिरवली, आणि ती माझ्या रजेच्या अर्जाची आठवण होईपर्यंत फिरून माझ्यावर थांबली.

पीटीच्या सरांनी त्याच संध्याकाळी माझ्या हातात कार्यक्रमपत्रिका दिली. संचलन, शंभर मीटर, पोत्यांची शर्यत, लिंबू-चमचा, रस्सीखेच, संगीत खुर्ची आणि बक्षीस वितरण अशा सात बाबी होत्या, आणि प्रत्येकीपुढे त्यांनी स्वच्छ अक्षरात "फास्ट" असे लिहिले होते. लिंबू-चमच्यापुढेसुद्धा.

आता आपल्याकडच्या संगीतात जलद काही नाही असे कोणी म्हणणार नाही. द्रुत तीनताल आहे, तराणा आहे, सतारीवरचा 'झाला' नावाचा जलद प्रकार आहे. अडचण एवढीच की तिथपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. बडा ख्याल विलंबित, म्हणजे संथ, एकतालात असेल, तर बारा मात्रांचे एक आवर्तन पुरे व्हायला सुमारे ५० सेकंद सहज लागतात. आमची पाचवीची मुले शंभर मीटर अंतर साधारण २० सेकंदांत पळतात. गणिताचा शिक्षक असल्यामुळे मी लगेच भागाकार केला: एका समेपासून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून, दुसऱ्या समेपर्यंत अडीच शर्यती आटोपतात. म्हणजे गायक मुखड्यावर येऊन समेवर पोहोचेपर्यंत पहिल्या तुकडीचे विजेते पाणी पिऊन वर्गात गेलेले असणार, आणि तिसऱ्या तुकडीतली मुले नेमकी मैदानाच्या मध्यावर असणार.

दुसरी अडचण घड्याळाची होती. आमच्या शेजारी एक निवृत्त आबा राहतात. त्यांनी उभे आयुष्य मैफलींत घालवले असल्यामुळे त्यांचा सल्ला घ्यावा असे मला वाटले. ही माझी दुसरी चूक. मी उत्साहाने अडाणा राग सुचवला. आबांनी चहाचा कप खाली ठेवला. "किती वाजता?" त्यांनी विचारले. सकाळी आठ, असे म्हणताच त्यांच्या चेहऱ्यावर जी वेदना उमटली, ती मी यापूर्वी केवळ दात काढून घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिली होती. अडाणा रात्रीचा. शंकरा रात्रीचा. सोहनी रात्रीच्या शेवटच्या प्रहराची. म्हणजे ज्या ज्या रागाने मुलांच्या पायांत बळ यावे, तो तो राग मुले झोपल्यावरच गायचा, आणि सकाळी आठ वाजता आपल्या परंपरेने मैदानासाठी काय राखून ठेवले आहे, तर तोडी. तोडी ऐकून मनुष्य अंतर्मुख होतो. अंतर्मुख झालेला मुलगा पोत्यात पाय घालून उड्या मारील, हे मला काही पटेना.

बऱ्याच वाटाघाटींनंतर आबांनी देशकाराला संमती दिली, कारण तो सकाळचा असून चांगला चढ्या अंगाचा आहे. हंसध्वनी मी पळवाटेने मिळवला: तो मूळ कर्नाटक संगीतातला, रामस्वामी दीक्षितरांचा, आणि तिकडे वेळेचे बंधन आपल्याइतके कडक पाळत नाहीत. पुढे भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांनी तो आपल्याकडे रुजवला आणि आपण त्याला रात्रीच्या बाजूला नेऊन बसवले. आपल्या शाळेपुरता त्याला पुन्हा दक्षिणेत पाठवू, असे मी म्हणालो. आबा हसले नाहीत, पण कप त्यांनी पुन्हा उचलला.

देशकाराचे नाव काढताच पीटीच्या सरांनी मात्र वेगळी शंका काढली. देशकाराचे पाच स्वर तेच भूपाचे पाच स्वर, असे मी बोलून गेलो होतो. "मग दोन नावे कशाला?" त्यांनी विचारले. भूपात गंधार मुख्य, देशकारात धैवत. एक संध्याकाळचा, दुसरा सकाळचा, असे मी समजावले. ते विचारात पडले आणि म्हणाले, "म्हणजे मैदान तेच, फक्त कोर्टाच्या रेषा वेगळ्या." संगीतशास्त्रावरच्या पुष्कळ व्याख्यानांपेक्षा हे वाक्य मला अधिक नेमके वाटले, आणि त्या क्षणापासून मी त्यांच्याकडे थोड्या भीतीने पाहू लागलो.

इंग्रजीच्या बाईंनी दरम्यान पाश्चात्त्य अभिजात संगीताचा प्रस्ताव मांडला. रोसिनीच्या 'विल्यम टेल' या १८२९ सालच्या संगीतिकेच्या प्रारंभसंगीतात घोडदौडीचा जो भाग आहे, त्यावर मेलेला मनुष्यही पळेल, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही ते शिक्षककक्षात लावले. सुरुवातीला चेलोंचे अत्यंत संथ वादन झाले, मग वादळ झाले, मग डोंगरावरच्या गुराख्याची धून झाली, आणि घोडे यायच्या आत तासाची घंटा झाली. तिकडेही आधी आलापीच असते, हे पाहून मला आपलेपणा वाटला. मग त्यांनी ऑफनबाखची १८५८ सालची एक धून आणली. ती खरोखरच पहिल्या क्षणापासून पळत होती, परंतु पीटीच्या सरांनी भ्रमणध्वनीवर तिची चित्रफीत उघडली, आणि त्या धुनीवर पॅरिसमधल्या स्त्रिया झगे उचलून पाय कुठवर नेतात हे दिसताच विश्वस्तांच्या आठवणीने सर्वांनी एकदम मान खाली घातली. प्रमुख पाहुण्यांच्या आगमनासाठी सुचवलेले 'ग्लॅडिएटरांचा प्रवेश' हे फुचिकचे १८९७ सालचे संचलनगीत तर नावाला भारदस्त, पण हल्ली ते सर्कशीत विदूषक येताना वाजते. पाहुणे नगरसेवक होते. आम्ही धोका पत्करला नाही.

सनईचा विचार मी स्वतःच सोडला. बिस्मिल्ला खाँसाहेबांनी स्वातंत्र्याच्या वेळी लाल किल्ल्यावर सनई वाजवली होती, त्यामुळे राष्ट्रीय प्रसंगाला ती शोभते, हे खरेच. पण मराठी पालकांपुढे सनई लागली की त्यांचे हात आपोआप अक्षता शोधू लागतात.

संचलनाच्या सरावाचा दिवस मी विसरू शकत नाही. मिनिटाला १२० पावले हा संचलनाचा ठराविक वेग, तेव्हा मिनिटाला २४० मात्रांचा द्रुत तीनताल घेतला, तर दोन मात्रांना एक पाऊल आणि आवर्तनाला बरोबर आठ पावले, असा हिशेब मी फळ्यावर मांडून दाखवला होता. हिशेब निर्दोष होता. पण पेन ड्राइव्हवर त्याच्या शेजारी रूपक तालातली एक गत होती, आणि साउंडवाल्याच्या मुलाने ती लावली. रूपकाच्या मात्रा सात, आणि इथे एका मात्रेला एक पाऊल पडत होते. पहिली सम डाव्या पायावर आली, दुसरी उजव्यावर, तिसरी पुन्हा डाव्यावर. जोरकस ठोक्याला डावाच पाय पडला पाहिजे, असे महिनाभर मुलांच्या मनावर बिंबवलेले असल्यामुळे निम्म्या मुलांनी प्रत्येक आवर्तनाला एक जादा उडी मारून पाय बदलला, आणि निम्म्यांनी मारली नाही. त्यातून रूपकाची सम टाळीवर नसून 'खाली'वर, म्हणजे हलक्या ठोक्याच्या जागी, असते. म्हणजे पीटीचे सर जिथे ठोका ऐकायला कान टवकारून होते, तिथे तबलजी नेमका हलका हात ठेवत होता. दोन मिनिटांत सातवी 'अ'ची तुकडी सातवी 'ब'मध्ये पूर्णपणे विलीन झाली.

प्रत्यक्ष क्रीडा दिनी संचलन तीनतालात सुखरूप पार पडले. शंभर मीटरसाठी मी देशकारातला एक तडफदार तराणा निवडला होता. फक्त ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला गायकाने थोडी आलापी केली होती, आणि ती कापायची असते हे माझ्या लक्षात आले नाही. शर्यतीच्या साऱ्या तुकड्या त्या धीरगंभीर आलापीत पळाल्या. दृश्य असे दिसत होते, की जणू मुले फार मोठ्या तत्त्वचिंतनाकडे धावत आहेत. शेवटची तुकडी संपली, मैदान मोकळे झाले, आणि तेव्हा "तनन दिर दिर तोम" असा द्रुत लयीचा स्फोट झाला. मैदानावर त्या वेळी केवळ चुन्याने रेषा आखणारे शिपाईमामा होते. त्यांनी मात्र ती रेषा विलक्षण वेगाने पूर्ण केली.

एक यश माझ्या नावावर निर्विवाद आहे. लिंबू-चमच्यापुढचा "फास्ट" खोडून मी रुद्रवीणेवरचा संथ आलाप लावला, आणि दरवर्षी निम्मी लिंबे गवतात जातात त्या जागी यंदा एकच पडले. तेही पालकाच्या हातून, ज्यांना कोणी बोलावले नव्हते.

सगळ्यात शेवटी शिक्षकांची संगीत खुर्ची झाली. त्यासाठी तबल्याचा एकल ठेवला होता, आणि आवर्तनाच्या मध्येच कळ दाबून तबला बंद करण्याचे पाप मला करवेना, म्हणून तिहाई संपून सम येईल तेव्हा बसायचे, असा नियम मी केला. तोच बोल तीनदा येतो आणि तिसऱ्यांदा समेवर पडतो, हे सर्वांना समजावूनही सांगितले. खेळ सुरळीत चालला. अखेर एक खुर्ची उरली आणि तिच्याभोवती पीटीचे सर व मुख्याध्यापिकाबाई उरल्या. नेमका तेव्हा तबलजीने चक्रदार घेतला. चक्रदारात तिहाईचीच तिहाई असते. बोल तीनदा नव्हे, नऊ वेळा येतो, आणि प्रत्येक तिसऱ्यानंतर तो असा श्वासभर थांबतो, की मुरलेले श्रोतेही फसून टाळी देतात. सरांनी बोटांवर मोजले, एक, दोन, तीन, आणि सर्व ताकदीनिशी खुर्चीवर आदळले. मुलांनी जल्लोष केला. तबला पुन्हा सुरू झाला.

सर नियमाने बाद झाले. आता बाईंनी फक्त बसायचे होते. परंतु बाई चालता चालता थबकल्या होत्या, त्यांचे डोळे मिटलेले होते, उजव्या हाताची बोटे मांडीवर मात्रा मोजत होती, आणि नववा बोल जेव्हा समेवर येऊन पडला, तेव्हा त्यांनी हात हवेत उंच फेकून "वा!" अशी इतकी मोठी दाद दिली, की ती ध्वनिक्षेपकातून पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेली. बसायचे त्या विसरल्या. तबला थांबला होता, असा वाद सर माझ्याशी घालत राहिले, बाई डोळे मिटून उभ्या राहिल्या, आणि पहाटे पाचपासून तारा ओढून दमलेला साउंडवाल्याचा मुलगा रिकामी खुर्ची पाहून तिच्यावर जाऊन बसला.