लिलाव नको, मग वाटायचं कसं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. थोडक्यात ती अशी: मोबाइलसाठी लागणाऱ्या रेडिओलहरी (म्हणजेच स्पेक्ट्रम) निसर्गाच्या आहेत, त्या बनवायला सरकारला दमडी लागत नाही, तरी लिलाव करून कंपन्यांकडून हजारो कोटी काढायचे आणि कंपन्यांनी ते ग्राहकाच्या बिलातून वसूल करायचे. त्यापेक्षा जो सर्वांत जास्त वस्त्या जोडायचं वचन देईल, त्याला स्पेक्ट्रम फुकट द्यावा. आणि लिलावाची बाजू घेतली म्हणून मी 'तिजोरीचा वकील'.

वकिलीचं नंतर बघू. आधी ते 'फुकट'.

एकाच भागात, लहरींच्या एकाच पट्ट्यावर दोघांनी जोरात प्रक्षेपण केलं की दोघांचाही सिग्नल नासतो. म्हणजे कुणाला तरी 'नाही' म्हणावंच लागतं. ज्याला नाही म्हटलं, तो त्या पट्ट्यासाठी जेवढे पैसे मोजायला तयार होता, तेवढी त्याची किंमत. सरकारने ती घेतली नाही म्हणून ती नाहीशी होत नाही, परवाना मिळालेल्याच्या खिशात जाते. अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९५९ मध्येच मांडलं होतं की लहरींचे हक्क सरळ विकावेत. तेव्हा लोकांना ते चक्रमपणाचं वाटलं.

अमेरिकेने आधी सुनावण्या घेऊन परवाने वाटले, मग कंटाळून १९८० च्या दशकात चक्क सोडत काढली. सेल्युलर परवान्यांसाठी लाखांनी अर्ज आले, कारण अर्ज करायला टेलिफोनचा धंदा येण्याची गरजच नव्हती. १९८९ मध्ये केप कॉड या भागाचा परवाना अशाच एका अनोळखी गटाला लागला. त्यांनी तो साउथवेस्टर्न बेल या टेलिफोन कंपनीला विकला, ४.१ कोटी डॉलरला. एक टॉवर न उभारता. लिलाव इथेही झालाच म्हणा ना, फक्त पैसे जनतेऐवजी सोडत लागलेल्यांना मिळाले.

आता वचनांचं. तुम्ही सुचवलेला प्रयोग स्वीडनने २००० मध्ये अगदी तसाच केला. थ्रीजीचे चार परवाने, शुल्क नाममात्र, निवड कागदावरच्या आश्वासनांवरून. मग काय, अर्जदारांमध्ये आश्वासनांची चढाओढ लागली. २००३ च्या अखेरीपर्यंत जवळजवळ संपूर्ण लोकसंख्येपर्यंत जाळं नेऊ, असं लिहून दिलं गेलं. देशातली जुनी, सर्वांत मोठी कंपनी तेलिया मात्र नापास! तिला पुढे तेले-२ या प्रतिस्पर्धी कंपनीशी भागीदारी करून मागच्या दाराने यावं लागलं. परवाना मिळालेल्या ऑरेंज कंपनीने डाव अर्ध्यावर सोडला, बाकीच्यांनी मुदतवाढ मागितली आणि ठरलेली तारीख उलटून गेली. बोली लावायला पैसे लागतात, वचन द्यायला लागत नाहीत.

ग्राहकाच्या खिशाच्या मुद्द्यावर मात्र मला थोडी माघार घ्यायची आहे.

मूळ लेखात मी लिहिलं होतं की लिलावाच्या रकमेची ग्राहकाला झळ बसतच नाही. पुस्तकी तर्क असा: एकाला घर वारशाने मिळालं, शेजाऱ्याने कर्ज काढून घेतलं. भाडं दोघंही सारखंच लावतात, कारण भाडं बाजार ठरवतो, घर किती पैशांत पडलं हे भाडेकरू विचारत नाही. परवान्याचे पैसे एकदा भरले की तेही असेच, परत न येणारे. फुकट स्पेक्ट्रम मिळालेली कंपनी स्पर्धा नसेल तर दर उतरवत नाही, आणि महाग घेतलेली कंपनी स्पर्धा असेल तर चढवू शकत नाही. इथवर मी ठाम आहे.

पण कर्जाचे हप्ते हे काही पुस्तकातले नसतात. ब्रिटनने २००० मध्ये १५० फेऱ्यांच्या लिलावात पाच थ्रीजी परवान्यांचे २,२५० कोटी पौंड मिळवले. त्याच वर्षी जर्मनीने ५,०८० कोटी युरो. जर्मनीत सहा जणांनी परवाने घेतले, त्यातल्या दोघांनी थ्रीजी सेवा ग्राहकांसाठी कधी सुरूच केली नाही. तिजोरी भरली, पण सहा स्पर्धक अपेक्षित होते तिथे चार राहिले. याची झळ ग्राहकालाच. ही बाजू मी लिहायला हवी होती.

मात्र याचा दोष लिलावाला द्यायचा की लिलाव मांडणाऱ्याला? त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये चार परवान्यांना चारच बोलीदार उरले आणि सगळं जवळपास राखीव किमतीला (सरकारने ठरवलेल्या किमान किमतीला) गेलं. खुद्द जर्मनीत, फक्त एक वर्ष आधी, १९९९ मध्ये, दहा पट्टे विकायला होते. मानेसमान या कंपनीने पहिल्या पाचांवर मेगाहर्ट्झमागे (पट्ट्याची रुंदी मोजायचं एकक) १ कोटी ८१.८ लाख मार्क बोली लावली आणि उरलेल्या पाचांवर २ कोटी. नियम असा की पुढची बोली किमान दहा टक्क्यांनी वर हवी. १ कोटी ८१.८ लाखांवर दहा टक्के चढवून बघा: जवळपास २ कोटीच होतात. प्रतिस्पर्धी टी-मोबिलला इशारा कळला: पहिले पाच तुम्ही २ कोटींना घ्या, उरलेले आम्हाला सोडा. पहिले पाच त्यांनी २ कोटींना घेतले, उरलेल्यांना हात लावला नाही, आणि दुसऱ्या फेरीनंतर खेळ संपला. निम्मे निम्मे, एकही फोन न करता. (ही चाल सुचणाऱ्याला मनातल्या मनात दाद द्यावीशी वाटते.) लिलावाची रचना हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होतो तो यामुळे, पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना २०२० चं नोबेल त्याच कामासाठी मिळालं.

तुमचा रोख ज्या दुखण्याकडे आहे ते मला राखीव किमतीत दिसतं. भारतात २०१६ मध्ये ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मेगाहर्ट्झमागे ११,४८५ कोटी रुपयांच्या राखीव किमतीला मांडला. हा पट्टा लांब जातो, भिंतीतून आत शिरतो, म्हणजे कमी टॉवरमध्ये विरळ वस्तीचा भाग जोडता येतो. एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये किंमत उतरवली, तरी गिऱ्हाईक नाही. २०२२ मध्ये ती ३,९२७ कोटींवर आणली तेव्हा कुठे रिलायन्स जिओने त्यातला १० मेगाहर्ट्झ उचलला. लहरी काही कोठारात साठत नाहीत. मधल्या सहा वर्षांत जे संभाषण, जो डेटा त्या पट्ट्यावरून गेला असता तो गेला तो गेलाच, आणि तिजोरीतही एक रुपया आला नाही. इथे मी वकीलपत्र घेत नाही.

राहिल्या दूरच्या वस्त्या. त्यासाठी वचनांची स्पर्धा लावायची गरज नाही. अट परवान्यातच घालता येते. २०१० मध्ये जर्मनीने ८०० मेगाहर्ट्झ विकताना हेच केलं: ब्रॉडबँड न पोचलेली छोटी गावं आधी, मोठी शहरं शेवटी. अशी अट असली की बोली थोडी खाली येते. ती जेवढी खाली येते, तेवढं गावांसाठीचं अनुदान.

मूळ लेखातलं 'झळ बसतच नाही' हे वाक्य मी खोडलं आहे आणि तिथे जर्मनीचे ते दोन परवाने टाकले आहेत. 'फुकट वाटू नये' हे वाक्य मात्र तसंच ठेवलंय.