चारशे तेरावा दिवस

आज सकाळी गेटातून आत शिरलो आणि पाटी बघितली. 'अपघातविरहित दिवस : ४१३'. काल ४१२ होते. म्हणजे काल दुपारी बारा वाजता प्रेस मशीनखाली ज्याचं बोट आलं, पाच टाके पडले, तो बहुतेक आमच्या प्लँटच्या हद्दीबाहेर उभा राहून काम करत असावा. हात तेवढा लांब होता त्याचा.

आणि तो पोरगा आज कुठे? हजर! स्टोअरच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीत, बोटाला हे एवढं पांढरं बोंडकं, समोर नटांचा डबा. "नुसता बस, मोजल्यासारखं कर," असं सांगितलंय त्याला. कारण जखमी माणूस ४८ तास कामाला आला नाही की अपघात वर कळवावा लागतो. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमधलं तेवढं एक कलम आमच्या साहेबांना तोंडपाठ. त्याच कायद्यातलं कलम २१, मशीनच्या धोकादायक भागाला गार्ड हवा म्हणणारं, ते पान चिकटलं असणार. आता नवे लेबर कोड आलेत म्हणे. येऊ द्यात, त्याचीही पानं चिकटतील.

ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या दवाखान्यात नेलं नाही त्याला. तिथे कागद होतो ना! साहेबांच्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं, साहेबांच्याच गाडीतून. आणि बसवण्याआधी सीटवर पेपर अंथरला. पेपर!! पोरगा थरथरतोय, मी त्याचा हात वर धरून उभा, आणि हा माणूस पुरवणी बाजूला काढून मेन पेपर नीट पसरतोय. मी हे मरेपर्यंत विसरणार नाही. परत येताना विचारलं काय, तर "अरे, लाइन चालू केली का?"

मग संध्याकाळी व्हाय-व्हाय ॲनालिसिस. पाच वेळा 'का' विचारायचं असतं, आमच्याकडे तिसऱ्या 'का'ला गाडी स्टेशनात शिरते. कारण : ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय : ऑपरेटरला ट्रेनिंग. दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एकात गेल्या दिवाळीपासून लाकडाची खपली ठोकलेली आहे, म्हणजे ते कायम दाबलेलंच आणि एक हात मोकळा, हे कुठल्याच 'का'त येत नाही. तासाला प्रेसचे किती स्ट्रोक, म्हणजे ठोके, मागता, हे तर 'का'च्या गावालाही जात नाही. पुढचा सेन्सर मधेच मशीन थांबवतो म्हणून बायपास केलाय, मेंटेनन्सला तीनदा मेल केलाय मी. उत्तर एकच, "पार्ट ऑर्डरवर आहे." कुठल्या ग्रहावरून येतोय तो पार्ट?

'निष्काळजीपणा' या शब्दाचीच चीड आहे मला. कोणी आपलं बोट हौसेने घालत नाही हो प्रेसमध्ये.

आणि निघालंच आहे तर सगळंच निघू दे. फायर एक्स्टिंग्विशर स्क्रॅपच्या बिनमागे. मागच्या दाराला कुलूप, कारण माल चोरीला जातो. आग लागली तर चावी सिक्युरिटीकडे, सिक्युरिटी चहाला. फर्स्ट एडच्या पेटीत एक कात्री आणि कोणाचा तरी कंगवा. सेफ्टी शूज फक्त नऊ नंबर. काँट्रॅक्टची पोरं आत दोन-दोन मोजे घालून फिरतात. फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार म्हटलं की मात्र आदल्या रात्री सगळे गार्ड पिवळे होऊन जागेवर! संध्याकाळी परत काढले. काढायला दहा मिनिटं, बसवायला दहा महिने.

सगळ्यात वरताण आज दुपारी. एचआरची मुलगी एक शीट घेऊन आली. ट्रेनिंगची हजेरी, तारीख मागच्या महिन्याची. त्या पोराची सही आधीच घेतलेली, डाव्या हाताची, कारण उजव्याला बोंडकं. "सर, ट्रेनर म्हणून तुमची राहिलीय." मी म्हटलं, मी असलं काही घेतलेलं नाही. "सर, फक्त सही."

आता खरं सांगू? मी केली.

दहा मिनिटं तणतणलो, साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो, दार बंद होतं, परत आलो, सही केली. होम लोन आहे. आणि त्या खपलीबद्दल कोणी ठोकली ते विचारू नका, पण ती दिसत असून "चल रे, दोनशे राहिलेत" म्हणणारा आवाज माझाच होता.

वर तोंड करून बघितलं तर त्याच प्रेसच्या डोक्यावर फ्रेम केलेलं घोषवाक्य. 'दोन्ही हात बटणावर, नजर ठेवा कामावर.' ४ मार्चला सुरक्षा दिनाच्या स्पर्धेत पहिलं आलेलं. खाली कवीचं नाव पण आहे. माझंच. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला होता, दोन कप्प्यांचा. आज त्याच डब्यातली भेंडी खाल्ली मी.

पाटीवरचा आकडा रोज सकाळी पहिल्या पाळीचा सुपरवायझर बदलतो. या आठवड्यात मी दुसऱ्या पाळीला होतो, मदतीला लवकर आलो होतो, एवढीच काय ती पुण्याई. सोमवारपासून पहिली पाळी माझी. मार्कर आत्ताच ड्रॉवरमध्ये आणून ठेवलाय कोणीतरी.